डॉक्टर बाबाचा वाकडा चमचा

“डोळे मिटा. कापूस लागला की ‘हो’ म्हणा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटून वाट बघत बसलो. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातली त्वचारोगाची ओपीडी, दाराबाहेर माणसांचा गलका, आणि मी मनात म्हणतोय, या बाई सुरुवात कधी करणार? थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडायला सांगितले. मनगटावरच्या चट्ट्यावर, तळहाताच्या कडेला, करंगळीवर, सगळीकडे त्यांचा कापूस फिरवून झाला होता. मी एकदाही हो म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्या कोपराच्या मागं चाचपलं. तिथून एक नस जाते, तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट या नसेवर चालतं. माझी ती नस सुतळीसारखी जाड झाली होती. पाठीवरचे चट्टेही त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “हॅन्सन्स डिसीज आहे.” म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं. कुष्ठरोग.

माझी बायको शकुंतला शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“औषध आहे, पूर्ण बरा होतो,” मॅडम म्हणाल्या. “एकदा औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. ताट वेगळं करायचं नाही, अंथरूण वेगळं करायचं नाही. गोळी मात्र चुकवायची नाही.”

तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर त्यानं मॅडमची ही वाक्यं पाठ करावीत. मला ती पुढं शिकल्यासवरलेल्या लोकांपुढं म्हणून दाखवावी लागली. काय उपयोग झाला ते सांगतोच.

मी पेंटर. शहागडला हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं दुकान आहे. चित्रकलेचा डिप्लोमा केला, नोकरी लागली नाही, म्हणून ट्रकच्या पाठीवर मोर आणि कमळं काढत आलो. दुकानांच्या पाट्या पूर्वी भरपूर असायच्या. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या.

मनगटावरचा चट्टा जुनाच होता. शिबं आलं असेल म्हणून मी त्याला मलम फासत होतो. तो दुखला असता तर लवकर दवाखान्यात गेलो असतो. हा आजार दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे.

मलम चालू होतं त्याच सुमारास, जालन्याला जाण्याच्या आधी, एक डॉक्टर दुकानात आले. शेतकऱ्याचा मुलगा, रशियाला जाऊन डॉक्टर होऊन आलेला. अंबडला त्यांचं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. आमच्याकडं सगळे त्यांना रशियावाले डॉक्टर म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांनी पिशवीतून तळहाताएवढी लाकडी फळी काढली. तिच्यावर सोनेरी पार्श्वभूमीवर एक तरुण माणूस रंगवलेला, कुरळ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्यात बारीक लांब चमचा.

“ह्ये संत पांतेलेइमोन,” ते म्हणाले. “स्वतः डॉक्टर व्हते. गरिबाकडून फी घेत नव्हते. मी तिथं निमोनियानं पडलो तवा घरमालकीण आजीनं ह्ये माझ्या उशाला ठेवलं. तिकडं आजारी माणूस याला ओठ लावतो.”

त्यांना हॉस्पिटलच्या हॉलसाठी एक मोठं चित्र हवं होतं आणि पेशंटना भेट द्यायला लहान लहान पुष्कळ. मी म्हटलं, एवढी हातानं काढायची? वेळ लागेल.

“लागू द्या. पण प्रिंट नको, बिलकुल नको. आजी म्हणायची, काढणाराचा हात लागला म्हंजी निम्मी प्रार्थना झाली.”

पेंटरला आयुष्यात असं वाक्य किती वेळा ऐकायला मिळतं? मी हरखून गेलो.

आम्ही बौद्ध. देवाला हात जोडणं आमच्या घरात नाही. फळी घरी नेली तेव्हा शकुंतलानं विचारलं, “ह्यो कोन्ता देव?” म्हटलं, “देव न्हाई, डॉक्टर हाये.” “मंग काढा,” ती म्हणाली. ते परदेशी नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्या घरात तो डॉक्टर बाबा झाला.

असली चित्रं ऑइल पेंटनं होत नाहीत. फळीवर खडूची पूड आणि सुतारकामातल्या सरसाचे थर द्यायचे, घासून काचेसारखे गुळगुळीत करायचे, मग अंड्याच्या पिवळ्या बलकात रंग कालवायचा. पाठीमागचा सोनेरी वर्ख लावताना पंखा बंद ठेवावा लागतो. मी शिकत होतो, चुकत होतो, आणि खरं सांगतो, फार दिवसांनी कामात रमलो होतो. एके दुपारी सरसाचा डबा चुलीवरून उतरवत होतो आणि शकुंतला ओरडली, “अहो, बोट बघा की!” करंगळी तापलेल्या डब्याला चिकटली होती. कातडी टरारून फुगली होती आणि मला पत्ताच नव्हता. त्यावरून ती मला ओढत जालन्याला घेऊन गेली.

औषधाचं नाव मल्टी ड्रग थेरपी, म्हणजे तीन औषधं मिळून वर्षभराचा कोर्स. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट देतात, त्यातल्या पहिल्या गोळ्या तिथंच समोर गिळायच्या. लघवी लाल होते, त्यानं घाबरू नका, ते रक्त नव्हे. कातडी काळवंडते, तीही पुढं हळूहळू निवळते. मध्येच माझी कोपराची नस सुजली आणि खांद्यापर्यंत ठणका गेला. त्याला न्यूरायटिस म्हणतात, म्हणजे नसेचा दाह. मॅडमनी स्टिरॉइड दिलं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी हात कोमट पाण्यात भिजवून, तेल लावून, बोटं सरळ करायला शिकवलं. पाण्याचा कोमटपणा डाव्या हातानं बघायचा, उजव्यावर भरवसा ठेवायचा नाही. “शक्ती येईल,” त्या म्हणायच्या. “संवेदना किती परत येईल ते मी सांगू शकत नाही.”

दवाखान्यानं मला कधी माणसातून उठवलं नाही. ते काम बाहेरच्यांनी केलं. हायवेच्या टपरीवाल्यानं माझा काचेचा ग्लास बंद करून कागदी कप सुरू केला, फक्त मला. साडूच्या घरी लग्न ठरलं आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, खाली लिहिलेलं, तब्येत सांभाळा, दगदग करू नका. यांना हे कुणी सांगितलं म्हणाल तर हवेनं सांगितलं. आमच्याकडं कुणाला पोरगी झाल्याची बातमी आठवड्यानं पोचते, रोगाची चहा उकळायच्या आत.

या सगळ्यांचा राग आला, पण त्यांना मी अडाणी म्हणून माफ करत होतो. रशियावाले डॉक्टर मात्र डॉक्टर होते. त्यांच्यापासून लपवायचं कशाला? मी अंबडला जाऊन आजार सांगितला, औषध सुरू आहे हे सांगितलं, बोटांत ताकद कमी आहे म्हणून थोडी जास्त मुदत मागितली. त्यांनी मान डोलावली. “घ्या की वेळ,” म्हणाले. मग हळूच विचारलं, “कुणाकुणाला म्हाईत हाये?” तेव्हाच मला समजायला हवं होतं.

लहान चित्रं होत आली होती. मी मोठ्या चित्राला भिडलो. पेंटर लांब रेघ ओढतो तेव्हा करंगळी फळीवर टेकवतो आणि तिच्या आधारानं हात सरकवतो. माझ्या करंगळीला फळीच समजत नव्हती. डोळे, केस, पेटी सगळं साधलं. चमच्याच्या दांडीशी करंगळी घसरली आणि रेघ मध्येच थोडी वाकडी झाली. खोडायची तर खालचा वर्ख उचकटला असता. शकुंतलानं जवळून बघितलं. “ऱ्हाऊ द्या. औषध सांडत न्हाई ना त्यातून?” ती म्हणाली. राहू दिली.

उद्घाटनाच्या आधी आम्ही दोघं सगळी चित्रं जुन्या चादरीत गुंडाळून एसटीनं अंबडला नेली. डॉक्टर पायऱ्यांवर आले. आत या म्हणाले नाहीत. “हितंच ओट्यावर ठेवा,” म्हणाले. शकुंतलानं मोठं चित्र उभं धरलं. ते बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू? त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला, जवळून घेतला, लांबून घेतला. मग पाकीट काढून ठरलेले पैसे पूर्ण दिले आणि म्हणाले, “चित्रं मात्र तुम्ही घेऊन जा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“समजून घ्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “ओठ लावायचं चित्र हाये ह्ये. उद्या कुणाला कळलं कुणी काढलं, तर माझ्या दवाखान्यात कोण पाय ठेवंल?”

“डॉक्टरसाहेब, ह्ये चित्रातून लागतं का?”

“न्हाई हो. मला म्हाईत हाये बराबर. पण लोकांना कोण समजावून सांगणार?”

“तुम्ही,” मी म्हटलं. “अजून कोण?”

त्यांनी घड्याळ बघितलं आणि आत गेले.

कळतं पण वळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाची थोडी कीवही करतो. मी यांची कीव करणार नाही. टपरीवाल्याच्या कागदी कपामागं अडाणीपणा होता. यांच्या भिंतीवर डिग्री होती. ते माझ्या बाजूनं एक वाक्य बोलले असते तर अख्ख्या तालुक्यानं ऐकलं असतं. ज्याला खरं माहीत आहे आणि बोलायचा अधिकारही आहे, त्याचं गप्प राहणं मला रोगापेक्षा जास्त लागलं. पैसे बुडवले असते तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट आणायला एसटीनं जालन्याला निघालो. अंबडला गाडी हॉस्पिटलवरून गेली. फाटकाशेजारी दोन माणसं उंच फ्लेक्स लावला होता आणि त्याच्यावर डॉक्टर बाबा. माझा डॉक्टर बाबा! माझे डोळे, माझे केस, माझा वर्ख, सगळं मशीननं छापलेलं. प्रिंट नको, बिलकुल नको म्हणणाऱ्या माणसानं माझ्या चित्रातून फक्त माझा हात कापून टाकला होता.

आणि चमचा वाकडा होता. फ्लेक्सवर दांडी हातभर लांब झाली होती आणि माझ्या करंगळीची चूक रस्त्यावरून दिसत होती. ज्या रोगाला त्यांनी पायऱ्या चढू दिल्या नाहीत, त्याची रेघ त्यांनी स्वतःच्या दारात टांगली होती. मी भर गाडीत मोठ्यानं हसलो. शेजारचा माणूस सरकून बसला. त्याला तरी माझा आजार माहीत नव्हता.

घरी लहान चित्रांची चळत पडून होती. ती जाळून टाकावी असं वाटायचं. शकुंतला म्हणाली, “आजाऱ्यासाठी काढली ना? मंग आजाऱ्याला द्या.”

म्हणून पुढच्या वेळी पिशवीत काही घेऊन गेलो. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला आधीच सांगायचं ठरवलं होतं, मी याच आजाराचा पेशंट, चित्र माझ्याच हाताचं. फसवून कुणाला द्यायचं नव्हतं. पहिल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “चांगलं हाये, पण घरी काय सांगू कुठून आणलं?” त्यानं घरी आजारच सांगितला नव्हता. मी चित्र परत पिशवीत ठेवलं. त्याच्यावर रागावता येईना.

मग आष्टीकडची एक म्हातारी येऊन बसली. तिचा आजार जुना, औषध कधीच पूर्ण झालेलं. पायाच्या जखमेची मलमपट्टी करायला आली होती. दोन्ही हातांची बोटं आत वळून आखडलेली. मी सांगायला लागलो, तर तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“तूच काढलंस? ह्या हातानं?”

“व्हय.”

“आन् तुला बी हाये ह्ये?”

“हाये. औषध चालू हाये, आजी.”

तिनं चित्र मांडीवर ठेवलं. पांतेलेइमोन कोण, कुठला, काही विचारलं नाही. माझ्याकडं वळली आणि आखडलेले दोन्ही हात माझ्या तोंडावरून खालपर्यंत फिरवले, म्हातारी माणसं नातवाची दृष्ट काढतात तसे. मग ते स्वतःच्या कानशिलाला लावून बोटं मोडली. म्हणजे मोडायला गेली. वळलेली बोटं ती, आवाज कुठून येणार?

आजार समजल्यापासून शकुंतला आणि दवाखान्यातली माणसं सोडली तर माझ्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता.

माझा कोर्स संपत आलाय. करंगळी अजून बधिरच आहे, रेघ तिरपी जाते. मॅडमचे, ताईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्या अंगावर चट्टा असेल तर आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. आणि तुम्ही डॉक्टर असाल, तर चार लोकांसमोर आमच्या हाताला हात लावा. एवढं केलंत तर भिंतीवर कुणाचं चित्र नसलं तरी चालेल.

मोठा डॉक्टर बाबा आमच्या घरात आहे. वाकडा चमचा मी दुरुस्त केलेला नाही, करणारही नाही.