खळ्यावरचा तंबू

चाळीसगावहून पहाटे साडेपाचला निघाले तेव्हा नवरा फाटकापर्यंत आला होता. हलक्या आवाजात म्हणाला, "वरती दिवा लागायच्या आत नीघ." वरच्या मजल्यावर मोठे दीर राहतात, मुलीचे आबा. त्यांना सांगितलं होतं की मी धुळ्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला चालले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि आम्हा शिक्षकांची ट्रेनिंगं काही संपत नाहीत, त्यामुळे थाप कुणालाही पटण्यासारखी होती. ती नवऱ्यानंच शोधून काढली होती, हे आत्ताच सांगून ठेवते.

मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. मोठ्या दिरांचं म्हणणं, पोरगी परगावी एकटी राहणार नाही. त्यांनी एक स्थळही काढून ठेवलं होतं, पाहुण्यांना कधी बोलवायचं एवढंच बाकी होतं. नवरा भावाच्या शब्दापुढे जन्मात गेलेला नाही. एकदा जेवताना मी फारच तोंड सोडलं, तेव्हा तो चिडून म्हणाला, "आधी तू तीन दिवस एकटी राहून दाखव. सायकल सायकल करतेस ना, जा. सुखरूप आलीस तर मी स्वतः दादाशी बोलतो." मी जाणार नाही याची त्याला खात्री होती. मी दुसऱ्याच दिवशी तंबू मागवला. मुलीनं तो गच्चीवर चारदा लावून पाहिला आणि मला लावायला शिकवला.

पहिला मुक्काम धुळ्याच्या पुढे, दुसरा साक्रीच्या पुढे डोंगरात, तिसऱ्या दिवशी सायकल एसटीच्या टपावर टाकून घरी, असा बेत होता. मेहुणबाऱ्याला गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा बोटं थंडीनं इतकी वाकडी झाली होती की ब्रेक दाबता येईना. चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाल्यानं आधी सायकल पाहिली, मग मागच्या पिशव्या, मग मला. "एकट्याच?" हा शब्द त्या दिवशी मी इतक्यांदा ऐकला की पुढेपुढे कुणी तोंड उघडायच्या आधीच मी "हो, एकटीच" म्हणू लागले. एका मोटरसायकलवाल्यानं तर शेजारून गाडी हाकत विचारलं, साहेब मागे राहिले का. म्हटलं, साहेब जन्मभर मागेच आहेत.

धुळ्यात आग्रा रोड ओलांडून सुरतेच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन चढलं होतं. ट्रकवाले कानाशी येऊन हॉर्न वाजवत. मांड्या भरून आल्या होत्या, पाठ दुखत होती, आणि तरी मी खूश होते. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली तेव्हा मी जेवले, आणि वाटलं तेव्हा थांबले. हे सांगताना आजही माझा संताप होतो, कारण एवढ्याशा गोष्टीत खूश व्हावं लागलं.

कुसुंब्याच्या पुढे चार वाजता एका गावाशी थांबले. शेवटच्या घराला लागून खळं होतं, स्वच्छ, सारवलेलं. ओट्यावर एक म्हातारी हरभरा निवडत होती. तिला विचारलं, इथे रात्रीपुरता तंबू लावू का. ती आनंदानं हो म्हणाली. मी लावला. ती शेजारी उकिडवी बसून बघत राहिली, आणि मग तिनं आपल्याकडे प्रत्येक बाईला विचारतात तेच विचारलं.

"तुनं माहेर कोनतं शे, माय?"

इथे माझी चूक झाली. काहीही ठोकून द्यायचं होतं. नागपूर म्हणायचं होतं. दिवसभर सगळ्यांना उडवून लावणारी मी, आणि माहेरचं नाव निघाल्यावर जीभ खरं बोलून गेली. म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि घरात हाक मारली. तिची धाकटी जाऊ माझ्याच माहेरची निघाली, आमच्याच भावकीतली, माझ्या वडिलांना काका म्हणणारी. पाच मिनिटांत मी वाटसरू होते ती घरची लेक झाले. चहा झाला, ओटी भरली, भरताची वांगी भाजायला टाकली गेली. आणि मग म्हातारी तंबूकडे बोट दाखवून म्हणाली, "आमनी पोर उघडावर जपी तं बठ्ठं गाव हासी." लेक उघड्यावर झोपली तर सगळं गाव हसेल, म्हणून आता खळ्यावर झोपणं शक्यच नव्हतं, गावाची अब्रू जात होती.

मी समजूत घालत होते तोवर त्या जावेनं निव्वळ कौतुकापोटी माझ्या भावाला फोन लावला होता. तुमची बहीण सायकलवर आली, आमच्याकडेच आहे, काळजी करू नका. भाऊ बुचकळ्यात पडला आणि त्यानं माझ्या सासरी फोन करून मोठ्या दिरांना विचारलं. दुधात मिठाचा खडा पडला तो असा, प्रेमानं. त्या बाईवर मला धड रागावताही येत नाही.

दिवेलागण होऊन गेल्यावर जीप आली. पुढे मोठे दीर, मागे नवरा. खळ्याभोवती दहाबारा बायका जमल्या होत्या. मोठे दीर माझ्याशी बोललेच नाहीत, नवऱ्याकडे वळले आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं हे?"

नवऱ्यानं कानावर हात ठेवले. "मला ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं तिनं," असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

एक वाक्य पुरलं असतं. थाप तुझी, अट तुझी, शब्द तुझा. पण मी आता तिथली लेक होते. माहेरच्या माणसांपुढे नवऱ्याची लाज काढायची नाही, हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, तरी ते अंगात भिनलेलं होतं. तिथं मी कुणाचीच कुणी नसते तर बोलले असते. मी मूग गिळले. कुणी मला हाताला धरून ओढलं नाही. मी स्वतः खुंट्या उपटल्या, तंबूची घडी केली, सायकल जीपवर चढवायला हात लावला. म्हातारीनं भाकरी आणि भरीत बांधून दिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

वाटेत मोठे दीर एवढंच म्हणाले, की आईची ही तऱ्हा, आणि पोरीला म्हणे पुण्याला पाठवायचं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. तेव्हाही मी बोलू शकले असते, तिथे माहेरचं कुणी नव्हतं.

दार मुलीनं उघडलं. भावाच्या फोननंतर घरात जे झालं ते तिनं ऐकलं होतंच. पुरुष वर गेल्यावर तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं, हे तू सांगितलंस?"

मी नाही म्हटलं.

तिनं माझ्या हातातून तंबूची पिशवी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. भांडली नाही, रडली नाही. तिनं भांडावं म्हणून मी उभी होते. ती म्हणाली, "आबांना विचारून ठेव, पाहुणे कधी येणार आहेत. मला ऐन वेळी सांगू नका."