सहा मीटरवर

डिसेंबर लागला की मी नववर्षाच्या कार्डांची यादी काढते. इथे जपानमध्ये ही कार्डं वेळेत पोस्टात टाकली की बरोबर एक जानेवारीच्या सकाळी घरोघर पोचतात, त्यामुळे कामाला लवकर बसावं लागतं. यादीत एकतीस नावं आहेत. ऑफिसातले लोक, शेजारी, मुलीच्या शाळेतल्या जुन्या बाई, दाताचे डॉक्टर. त्यातलं एक कार्ड मी सगळ्यांत आधी लिहिते. ज्या बाईंना ते जातं त्यांना मी आयुष्यात एकदाच भेटले आहे, तेही जेमतेम अडीच तास. त्या पार उत्तरेला, होक्काइदोला राहतात. हिवाळ्यात एका गोठलेल्या तळ्यावर तंबू उभारतात आणि बर्फाला भोकं पाडून लोकांना मासे धरायला बसवतात.

आम्ही तिथे का गेलो ते आधी सांगते.

आम्ही टोकियोजवळ उरायासुला राहतो, चौदा वर्षं झाली. नवरा पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आला, मागून मी आणि मुलगी. मुलगी आता कोबेला शिकते. मी एका माल पोचवणाऱ्या कंपनीत ड्रायव्हरांच्या पाळ्या लावते. म्हणजे दिवसभर याद्याच करते, आणि घरी आल्यावर फ्रिजवर आणखी एक असते.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, एका सकाळी नवऱ्याचा फोन आला. तो तासाभरापूर्वी घरातून निघाला होता.

"मी स्टेशनवर आहे. मला गाडीत चढता येत नाहीये."

"का? गर्दी आहे का?"

"नाही. गाड्या येतायत. मी बाकावर बसलोय. अकरा गेल्या."

मी जाऊन त्याला घरी आणलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांची रजा लिहून दिली, नंतर ती आणखी एक महिना वाढवली. तो आजारी दिसायचा नाही. जेवायचा, भांडी घासायचा, कचरा नीट वेगळा करून ठरलेल्या दिवशी खाली ठेवून यायचा. फक्त बोलणं थांबलं. 'हं', 'चालेल' आणि 'तू बघ' एवढ्या तीन उत्तरांवर आमचा संसार चालू होता.

मग मी बघत गेले. औषधांच्या दुकानात त्याला काही विचारलं की उत्तर मी द्यायचे. त्याच्या ऑफिसातून आलेल्या पत्रांना उत्तरं मी लिहायचे, तो फक्त इथल्या रीतीप्रमाणे सहीऐवजी आपला शिक्का मारायचा. पुण्याहून सासूबाईंचा फोन यायचा तेव्हा तो हाताने नको म्हणायचा आणि मी सांगायचे, "आई, ते आंघोळीला गेलेत." एकदा दुपारी, एकदा रात्री, एकदा भर सकाळी. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, दिवसातून आंघोळी तरी किती करतो तो? पाणी गरम आहे ना निदान?"

रजा फेब्रुवारीच्या अखेरीला संपत होती. त्याआधी कंपनीच्या डॉक्टरांसमोर बसून त्याने सांगायचं होतं, परत यायचं आहे का, कधीपासून आणि कुठल्या कामावर. नोकरी राहणार की जाणार हे त्या एका भेटीवर होतं. बायकोला सोबत आणलं तरी चालेल असं पत्रात लिहिलं होतं. मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. मग बसून नऊ संभाव्य प्रश्न आणि त्यांची नऊ उत्तरं जपानीत टाइप केली. पहिलंच उत्तर होतं, 'मी पूर्ण बरा आहे आणि पूर्ण वेळ कामाला तयार आहे.' हे त्याला विचारून लिहिलं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी टाइप करते.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण होक्काइदोची. तिला सगळं माहीत होतं. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "भेटीच्या आधी त्यांना माझ्या मावशीच्या तंबूत घेऊन जा. काही करावं लागत नाही. भोकाकडे बघत बसायचं."

ते त्याला जमण्यासारखं होतं. मी विमानाची तिकिटं काढली आणि यादी केली. चौतीस वस्तू. लोकरीचे मोजे प्रत्येकी तीन जोड, बुटांत घालायच्या गरम पुड्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी. शेवटी मी पस्तिसावी ओळ लिहिली: 'तंबूत शेजाऱ्यांशी गप्पा (त्याने).'

तिकडे त्या दिवसांत साडेचारच्या सुमाराला दिवस मावळतो. आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा काळोख पडत होता आणि काठापासून तंबूपर्यंत दोरीला दिवे बांधलेले होते. मैत्रिणीच्या मावशी पुढे चालत होत्या, साठीच्या, बुटक्या, डोक्याला टॉवेल बांधलेल्या. मीही त्यांना मनात मावशीच म्हणू लागले होते. बर्फ कितपत जाड आहे असं मी विचारलं.

"मोटार नेली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण नेऊ नका. परत काढायला मलाच यावं लागतं."

तंबू म्हणजे आपल्याकडच्या पॉलीहाउससारखा लांबट सांगाडा, मधोमध रॉकेलचा स्टोव्ह आणि दोन्ही बाजूंना बर्फात ताटलीएवढी भोकं. प्रत्येक भोकापाशी एक ठेंगणं स्टूल. आमच्याखेरीज आठ माणसं होती, सगळी गावातली. माझ्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांनी आमच्या तीन मोठ्या बॅगांकडे बघितलं आणि विचारलं, "उन्हाळ्यापर्यंत राहणार का?"

मासा असतो करंगळीएवढा. वाकासागी म्हणतात त्याला. आपल्या मांदेलीसारखा, फक्त चंदेरी. काठी वीतभर, तिचं टोक इतकं लवचिक की आपल्या श्वासाने हललं असं वाटावं. दोऱ्याला एकाखाली एक पाच बारीक गळ, त्यांना इवल्याशा अळ्या लावायच्या, त्याही कात्रीने अर्ध्या करून, कारण माशाचं तोंडच तेवढं. अळ्या मीच कापल्या. दोऱ्यावर दर मीटरला लाल खूण होती.

मावशींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अंधार झाला की मासा वर-खाली फिरायला लागतो. आत्ता एका जागी असेल, दहा मिनिटांनी दुसऱ्या. एकाला सापडला की बाकीच्यांना कळलं पाहिजे. म्हणून माझा नियम एकच. ज्याच्या गळाला लागेल त्याने किती मीटर ते ओरडायचं. लाजणाऱ्याला चहा नाही."

पहिला अर्धा तास काहीच नाही. मग मला एक लागला. मी खुणा मोजल्या आणि "चार!" म्हणून ओरडले. आजोबांनी टाळी वाजवली. त्यानंतर पुन्हा शांतता. भोकावर बर्फाची साय धरत होती, ती काढायला मावशींनी प्रत्येकाला आपल्या झाऱ्यासारखाच एक झारा दिला होता.

तेवढ्यात नवऱ्याने काठी उचलली आणि दोरा वर घेतला. तीन मासे एकदम. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"अहो, किती मीटर?" मावशींनी तंबूच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं.

"चार!" मी म्हणाले.

मी विचार केला नाही, त्याच्या दोऱ्याकडे बघितलंही नाही. प्रश्न त्याला होता आणि उत्तर माझ्या तोंडून आलं, औषधांच्या दुकानात यायचं तसं. आठही जणांनी भराभर आपापले दोरे चारवर आणले. आणि बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणाच्या काठीचं टोक हललं नाही. नवरा मात्र काढतच होता. दोन, मग एक, मग पुन्हा तीन. त्याच्या बादलीत चुळबुळ वाढत होती आणि तंबूत सगळे तिकडे बघत होते.

"चारवर तर काहीच नाही," आजोबा म्हणाले. "आमच्या वाटणीचे मासे सुट्टीवर गेलेले दिसतात."

मावशी उठून आल्या. नवऱ्याच्या भोकावर वाकल्या, त्याच्या दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं. त्यांनी माझा झारा उचलून माझ्या हातात दिला. "ताई, तुमच्या भोकावर बर्फ धरलाय," त्या म्हणाल्या.

धरला नव्हता. आत्ताच काढला होता. पण मी मान खाली घातली आणि झारा फिरवत बसले.

"किती?" त्यांनी त्याला विचारलं.

त्या थांबल्या. मला आठवतं, मी झारा पाण्यात घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर मीच सांगितलं असतं. गेल्या चार महिन्यांत इतका वेळ मी कुणालाही त्याच्या उत्तरासाठी थांबू दिलं नव्हतं. मी स्वतः तर नाहीच.

"सहा," तो म्हणाला.

"स्टोव्ह वाजतोय. ऐकू नाही आलं."

"सहा मीटर!"

आवाज फुटका होता, पण तंबूभर गेला. दोरे खाली सुटले. मिनिटभरात आजोबांची काठी वाकली, समोरच्या बाईंचीही.

"आला!" आजोबा म्हणाले. "मग मघाशी चार कोण म्हणालं?"

"बायको," नवरा म्हणाला.

"मग चार बरोबरच असणार. मासे चुकले."

सगळा तंबू हसला. त्यात माझा नवराही होता. त्याचं हसणं मी ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा ऐकलं. मी अळ्या कापायच्या कात्रीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर मासे वर-खाली सरकत गेले आणि तो सांगत गेला. "साडेपाच!" थोड्या वेळाने "पाच!" मग पुन्हा "सहा, परत सहा!" दुसरे ओरडले की तो आपला दोरा तेवढ्यावर आणायचा. आजोबांनी त्याला खूण बघण्याची सोपी युक्ती दाखवली, त्याने त्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवलं. सात वाजता मावशींनी तंबूतले दिवे मोठे केले तोवर तो चौदा वेळा ओरडला होता. माझी मोजायची सवय जात नाही. पस्तिसाव्या ओळीवर मात्र मी खूण केली नाही. त्यात माझं काहीच नव्हतं.

मावशींनी मासे तिथेच पिठात बुडवून तळले. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खे खायचे, मांदेली खातो तसे. माझी लसणाची चटणी सगळ्यांत फिरली. आजोबांनी चिमूटभर घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला. त्या अडीच तासांत आम्ही इथे का आलो, नवरा काय करतो, गप्प का असतो, हे कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. किती मीटर, एवढंच विचारलं. निघताना मी मावशींना वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वेळ. त्या म्हणाल्या, "झारा चांगला चालवता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात मी त्याच्या हातात माझा कागद दिला. नऊ प्रश्न, नऊ उत्तरं. त्याने शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "पण हे सगळं चार मीटरवरचं आहे."

"मग सहावर काय आहे?"

तो खिडकीकडे वळला. मी थांबले. थांबणं मला अजूनही अवघड जातं, पण एक रात्र सराव झाला होता.

"पूर्ण वेळ मला जमणार नाही," तो म्हणाला. "निदान वर्षभर तरी. आणि त्या प्रोजेक्टवर तर नाहीच. असं सांगितलं तर ते कदाचित नको म्हणतील मला."

माझ्या डोक्यात लगेच यादी उघडली. व्हिसा, घरभाडं, मुलीच्या शिक्षणाची उरलेली दोन वर्षं. एकेक ओळ तयार होती. मी ती गिळली आणि म्हणाले, "हं."

"तू आत येऊ नकोस. बाहेर बस."

"चालेल."

भेटीच्या दिवशी मी कंपनीच्या सातव्या मजल्यावर, कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसले. कागद घरी ठेवला होता. चाळीस मिनिटं लागली. दार उघडलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि टाय सैल झाला होता.

"अर्धा दिवस," तो म्हणाला. "दुसऱ्या टीममध्ये. पगार कमी होईल. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. आणि मी त्यांना स्टेशनचंही सांगितलं. अकरा गाड्यांचं."

ते तर मी कुठल्याच उत्तरात घातलं नव्हतं. लपवलंच होतं.

त्या संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते तेव्हा फोन वाजला. सासूबाई. सवयीने मी हात पुसायला लागले, तोवर पलीकडच्या खोलीत त्याने उचलला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून पहिलं वाक्य मला ऐकू आलं.

"झाली का रे एकदाची आंघोळ?"

"झाली, आई."

मी गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, म्हणजे पुढचं मला ऐकू येणार नाही.