चंद्रपूर ते हैदराबाद, कमी उंचीवरून

चंद्रपूरच्या धावपट्टीवर आमचं छोटं विमान तयार होतं. स्ट्रेचर आत चढलं होतं आणि पेशंटच्या नवऱ्याला मी सांगत होते, "भाऊ, तुम्हाला नेता येणार नाही."

पेशंट सोमीबाई, आलापल्लीकडची वनमजूर. कामावर असताना अस्वलाने हल्ला केला होता. बरगड्या मोडून छातीत हवा साठली होती, ती काढायला नळी घातलेली. वनखात्याने तिला हैदराबादला हलवायचं ठरवलं. एअर ॲम्ब्युलन्स आमची, पायलट मी.

हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं. एरवी साधारण पन्नास मिनिटं. पण आमचे फ्लाइट डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कमी उंचीवरून न्या." वर गेलं की दाब कमी होतो आणि छातीत अडकलेली हवा फुगते. कमी उंचीवर वेळ जास्त लागतो आणि इंधनही. इंधन म्हणजे वजन. त्यात मे महिना, पाच वाजत आले तरी ऊन तसंच. तापलेली हवा विरळ असते, विमान उचलायला लांब धाव लागते. तेवढी धावपट्टी तिथे नव्हती. सगळ्यांच्या बॅगा उतरवल्या, तरी एका माणसाचं वजन जास्तच भरत होतं.

"मी उभाच राहीन नं मॅडम," नवरा, लालसूभाऊ, म्हणाला. "मले जागा नाई लागत."

"जागेचं नाही भाऊ, वजनाचं आहे."

"दोन दिसापासून जेवलोच नाई मी. कमीच भरन."

तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली. सोमीबाई नळी ओढत होती. तिला फक्त गोंडी कळायची. लालसूभाऊ धावत आत गेला, काहीतरी पुटपुटला, आणि तिचा हात खाली आला.

"झोपेचं औषध वाढवलं तर श्वास मंदावेल," डॉक्टर म्हणाले. "हा माणूस मला हवाय."

"किती थांबू शकता?"

"तासभर. त्यापुढे नको."

मी ऑपरेशन्स मॅनेजरना फोन लावला.

"नवऱ्याला गाडीने पाठवा, तुम्ही निघा," ते म्हणाले.

"सर, ऊन उतरलं की तेवढ्याच धावपट्टीवर त्याच्यासकट विमान उडेल."

"आणि तिथे अंधार पडला तर? धावपट्टीला दिवे नाहीत."

"त्याआधी निघते. नाही उतरलं ऊन, तर त्याला ठेवून निघते."

ते चिडले, पण हो म्हणाले. पंखाच्या सावलीत उभी राहून मी तापमान बघत राहिले. पारा हटत नव्हता. मग वारा फिरला, तापमान हळूहळू उतरलं. मी आकडेमोड पुन्हा केली, को-पायलटने वेगळी केली. दोन्हींत त्याचं वजन बसत होतं.

"चला भाऊ, बसा."

जंगलावरून विमान खूप हललं. सव्वा तास लागला. मागून लालसूभाऊचा आवाज एकसारखा येत होता.

उतरल्यावर मी विचारलं, "काय सांगत होता एवढं?"

"रस्ता. आमच्या गावाहून आलापल्लीच्या बाजाराचा. बाजार आला का परत घराकडे वळवून राह्यलो होतो तिले."

सोमीबाई वाचली. काही महिन्यांनी कामावरही गेली, असं खात्यातून कळलं. मॅनेजरनी माझ्याकडे उशिराचं कारण लेखी मागितलं. मी 'तापमान' एवढंच लिहिलं.

अंतर नकाशावर मोजता येतं. वेळ मात्र मी पेशंट बघितल्याशिवाय सांगत नाही.