नळीवरचा नंबर

माझ्या थोरल्या भावाचा मला अजून राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

वडील गेले तेव्हा तो परदेशातून आला नाही. आला तो दोन वर्षांनी, आणि हातपाय धुवायच्या आत म्हणाला, वडिलांची बंदूक मी नेणार, तिकडच्या घरात भिंतीवर लावणार. बंदूक तेव्हा ठाण्यात जमा होती. रानडुकरं भुईमूग उकरून ठेवायची म्हणून परवाना माझ्या नावावर व्हावा, असा मी अर्ज दिला होता. यानं त्यावर हरकत घेतली.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीतल्या कारकुनानं त्याला शांतपणे सांगितलं, की आधी वारस ठरेल, मग देशाबाहेर न्यायचा परवाना, तिकडच्या सरकारची आणायची परवानगी, विमान कंपनीची लेखी संमती; आणि या सगळ्या कागदांवर नळीवरचाच नंबर पाहिजे. भावाला वाटलं होतं, चादरीत गुंडाळून बॅगेत घातली की झालं. एवढा शिकलेला माणूस! मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंबर पडताळायला आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारानं नळी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. नंबर नव्हताच. नळी आरशासारखी गुळगुळीत होती. जमा करताना कुणी तो पाहिलाच नव्हता, परवान्यावरून उतरवून घेतला होता.

नंबर खोडणं हा गुन्हा असतो. आणि माझ्या सख्ख्या भावानं तिथंच बसून लिहून दिलं, की नंबर धाकट्यानं कानशीनं घासला, मला बंदूक मिळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या साहेबांनी आईला बोलावलं. ती पदरात काहीतरी झाकून आली. दर दसऱ्याला पूजेआधी बंदूक तीच घासायची, चिंच आणि विटेची भुकटी घेऊन, देवाच्या भांड्यांबरोबर. तीस वर्षं. साहेबांना तिनं तेवढंच सांगितलं. मग पदरातला तांब्या काढून भावापुढं ठेवला.

"तुझ्या बारशाचा हाय. यावर तुझं नाव व्हतं. ते बी मीच घासून घालवलं. त्याची बी फिर्याद दे."

साहेबांनी माझ्यावरचा कागद बाजूला सारला. भावानं मात्र तो मागं घेतला नाही. बंदूक ठाण्यातच राहिली. ती कुणालाच मिळाली नाही.

तो निघाला त्या सकाळी आईनं तांब्या पुन्हा लख्ख घासला आणि त्याच्या बॅगेवर ठेवला. तो न्यायला कुठल्याच सरकारचा परवाना लागत नव्हता. त्यानं तो उचलून ओट्यावर ठेवला आणि गाडीत बसला.