बर्फावरची नळी

मालतीताई रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घालून निघाल्या की व्हरांड्यातली माणसं भिंतीला चिकटायची. "बाजू व्हा रं, रगत जितं हाय!" पनवेलच्या एका लहानशा हॉस्पिटलात त्या रक्त तपासायच्या. माहेर चिरनेरचं, आणि पांढऱ्या कोटाने त्यांच्या बोलण्याला कधी इस्त्री केली नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, तिथे दाखल होता. फ्लूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मी निर्धास्त झालो. आमच्या घराण्यात डॉक्टर कोणी नाही, त्यामुळे ते पद मीच सांभाळतो. वहिनीला म्हटलं, "व्हायरल आहे. पाच दिवसांत उतरेल."

दादाचं रक्त काढता काढता मालतीताई म्हणाल्या, "व्हायरल हाय म्हणून दुसरं काय नसंल, असं कोन बोललं? जोराचा व्हायरल नि सेप्सिस, म्हंजे जंतूंचं इख अंगभर पसरनं, दोन्ही रगताचा कारभार बिघडवतात. अंगाची साखर जालायची रीत मोडते. पन सेप्सिसमधी आंबटपना बहुतेक झपाट्यानं चढतो. त्योच बघायचा."

त्या आंबटपणाची, म्हणजे लॅक्टेटची तपासणी मागच्या इमारतीत व्हायची. त्यांना अजून दोघांचं रक्त काढायचं होतं, म्हणून डबा माझ्या हाती आला. "नळीतलं रगत ताडीवानी. गरम झालं की आपसूक आंबतं. मंग आजार किती नि उशीर किती, कलत नाय. सरल जावा."

मी सरळच निघालो. जिन्याखाली विचुंब्याच्या मामांचा फोन आला, मग उरणच्या मावशीचा. दोघांनाही मी व्हायरल ताप सविस्तर समजावून सांगितला.

आकडा पाच आला; तो दोनच्या आत असायला हवा होता. मालतीताईंनी डब्यात बोट बुडवलं. बर्फाचं पाणी झालं होतं.

"भाऊ, वाटेत थांबला व्हता?"

"छे! लिफ्ट लवकर येईना..."

"लिफ्ट हाय कुठं आपल्याकडं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं बोला. दादाच्या जिवाचा सवाल हाय."

"थांबलो होतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ दादाजवळ गेल्या, पुन्हा रक्त काढलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्वतःच डबा घेऊन पळाल्या. या वेळी बर्फ शाबूत होता, आणि आकडा साडेपाच. डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

दहाव्यानंतर मालतीताई भेटायला आल्या. मी त्यांना दारातच गाठलं. "ताई, माझ्या त्या उशिरानेच का?"

"नाय म्हनून सांगू? तुमाला बरं वाटंल. पन मला ठावं नाय, भाऊ. अंदाजाचा आकडा मी कधी दिला नाय."

आत वहिनीने त्यांचा हात धरला. "सगळं वेळेवर झालं ना हो?"

मालतीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"झालं की. तुमचं दीर दोन्ही खेपंला रगत घेऊन धावलं."

वहिनीने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी एकदाच गेलो होतो, आणि तेव्हाही धावलो नव्हतो.