घोडेगावच्या काकींची स्कॉलरशिप

घोडेगावच्या बाजारपेठेत काकींचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, पत्रे, घमेली, फावडी, सगळं मिळायचं. कोयता तेवढा मिळायचा नाही. ऊसतोडीच्या दिवसांत कुणी मागितलाच, तर काकी मान वर न करता म्हणायच्या, "कोयता ठेवत नाही आम्ही. पुढच्या दुकानात जा." नवखा माणूस हसायचा. गावातलं कुणी हसत नसे.

शेवटचा कोयता त्यांनी स्वतःच्या हातानं, कागदात गुंडाळून विकला होता. घेणारा मागच्या आळीतला मुलगा. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर त्यानं तो काकींच्या मुलीवर, स्नेहलवर चालवला. स्नेहल बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मंचरच्या गाडीची वाट बघत उभी होती. पहिला वार तिनं हातातल्या जर्नलवर घेतला. पुढचे वार अडवायला जवळ काही नव्हतं. स्टँडवरची माणसं पळाली. काकी दुकानातून अनवाणी धावत आल्या तेव्हा तो मुलगा बाकावर दम खात बसला होता आणि कंट्रोलरच्या खिडकीपर्यंत रक्त गेलं होतं.

त्याला जन्मठेप झाली. पण काकींना वेगळीच गोष्ट कुरतडत राहिली. आठ दिवस आधी त्याच मुलानं स्नेहलच्या थोबाडीत मारली होती. तिनं घरी येऊन सांगितलं, तर काकी म्हणाल्या होत्या, जाऊ दे, बोभाटा नको; आणि त्यानं कोयता मागितला तेव्हाही त्यांनी तो निमूट दिला होता. "मी जाऊ दे म्हणाले, आन् पोर गेली," हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं आमच्यापेक्षाही घोडेगावचं.

स्नेहलच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं मोडून त्यांनी विद्यापीठात तिच्या नावानं स्कॉलरशिप ठेवली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गुणवत्ता यादीत पहिल्या येणाऱ्या मुलीला द्यायची ना?" काकी म्हणाल्या, "पहिली येणारी शिकंलच हो. मला घरी मार खाऊन शिकणारी पाहिजे." साहेब म्हणाले, "असा रकाना फॉर्मात नसतो, बाई." मग कागदावर 'जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनी' असं लिहिलं गेलं, आणि कोणाला मार बसतो ते शोधायचं काम काकींनी स्वतःकडे घेतलं. ओझरपासून निमगाव सावापर्यंत एसटीनं हिंडायच्या. पोरीच्या घरात पाणी प्यायच्या आणि गप्पा मारता मारता तिचे दंड, मान, ओठ बघायच्या.

माझा फॉर्म आमच्या सरांनी भरला होता. मी डिंभ्याची. आप्पा धरणात मासे धरायचे. मी एम.एस्सी. करावी हे त्यांना मान्य नव्हतं. स्थळ ठरलेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी नाही म्हणाले, म्हणून त्यांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. पाठीवर झोपता येत नव्हतं. अशातच एका दुपारी काकी आमच्या अंगणात येऊन बसल्या. पाणी प्यायल्या. मी तांब्या परत घ्यायला वाकले, तर त्यांनी माझ्या मानेवरची ओढणी दोन बोटांनी बाजूला केली.

"भाऊ, हे कुणी केलं?"

"माझी पोर हाये. तुमी कोण इचारनार?" आप्पा उठले.

"मी कुणी नाही. पण ही आता माझ्याबरोबर येणार."

आप्पांनी भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं. ते माझ्यावर उगारलं होतं. काकी मध्ये आल्या आणि हात आडवा धरला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आई किंचाळली. काकी खाली बसल्या, तोंड पांढरंफटक, मनगटाच्या वर हात भलतीकडेच वळलेला. त्या एवढंच म्हणाल्या, "झालं? आता दप्तर घे गं."

गावातली एक जीप मिळाली, पण दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी ती पोलिसांकडे वळवायला लावली. मी पाया पडले, रडले. "काकी, आप्पा आहेत माझे. जाऊ द्या."

'जाऊ द्या' ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प झाले. मोडका हात छातीशी धरून त्यांनी तक्रार लिहून घ्यायला लावली. त्यांच्या हाताची आणि माझ्या पाठीचीही.

आप्पांना सहा महिने आत काढावे लागले. तेवढे दिवस काकी आईकडे किराणा पाठवत होत्या, पण मला तो अपमान वाटायचा. विद्यापीठातल्या कार्यक्रमात काकींच्या हातून पाकीट घेताना मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या हळूच म्हणाल्या, "नमस्कार नको करू. राग असू दे माझा. शीक तेवढी." पुढची तीन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. शिकले, नोकरीला लागले, आणि मग एक दिवस दुकानात जाऊन त्यांच्या समोर बसले. त्यांनी चहा मागवला. मोडलेल्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती; कप डाव्या हातात धरायच्या.

गेल्या वर्षी काकी गेल्या. दुकानासमोर गर्दी होती, त्यात निम्म्याहून जास्त बायका, दोन्ही तालुक्यांतल्या. मी काकांशेजारी, म्हणजे स्नेहलच्या वडिलांशेजारी उभी होते. तेवढ्यात गर्दीतून आप्पा आले. डिंभ्याहून, पांढरी टोपी घालून. तुरुंगातून आल्यापासून ते माझ्याशी जेमतेम बोलायचे, पण त्यांनी पुन्हा कुणावर हात उचलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तिरडी उचलायला ते पुढे झाले, तसं कुणीतरी अडवलं. "तुमी कोण, पावणं?"

 आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईंचा हात मी मोडला व्हता."

 स्नेहलचे वडील त्यांच्याकडे बघत राहिले.  मग ते एक पाऊल बाजूला सरकले आणि आप्पांच्या खांद्यापुरती जागा केली.