लाल बाजू वर

डेल्फिना माझी थोरली जाऊ. ती हसली की घरातली पोरं एकमेकांकडे बघायची, आपलं काय चुकलं म्हणून. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उमर घालवली, नवरा पुरला, पण रागाची धार काही बोथट झाली नाही. फक्त जूनमध्ये, आमच्या वाळवंटातल्या सग्वारोंची, त्या घराहून उंच निवडुंगांची, फळं पिकली की, ती जरा शांत असायची.

सग्वारोला आम्ही झाड म्हणत नाही, माणसांत धरतो. लांब काठीनं फळ पाडायचं, गर काढायचा आणि साल त्याच्याच पायाशी ठेवायची. आतली लाल बाजू वर, आभाळाला दिसेल अशी. मग पाऊस येतो. डेल्फिनानं शेत नांगरून ठेवलं होतं. बी घरात होतं.

यंदा हिवाळ्यात शहरवाल्यांनी आमच्या उतारावरून सायकलींची वाट काढली. ती नेमकी आमच्या सासूबाई ज्याची फळं पाडायच्या, त्या सग्वारोला खेटून वळलेली. जूनमध्ये आम्ही फळं पाडायला घेतली. दुसऱ्या सकाळी तिथं पोचलो, तर आदल्या दिवशीची एकही साल जागेवर नव्हती. घट्ट कपड्यांतलं एक जोडपं काळी पिशवी बांधत होतं.

"कुणीतरी केवढा कचरा टाकला होता," बाई अभिमानानं म्हणाली. "आम्ही साफ केला."

"कचरा?" डेल्फिनानं पिशवी हिसकावली. "माझा पाऊस पिशवीत भरलास, आणि वर मलाच सांगतेस?"

"आजी, सायकली घसरतात हो," पुरुष म्हणाला. "आमचंही या जागेवर प्रेम आहे. दर रविवारी येतो."

"प्रेम आहे? मग याला विचारलंस?" तिनं सग्वारोकडे हात केला. त्यानं खरंच वर बघितलं.

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "लेकरं आहेत."

"लेकरं? दाढी पांढरी झालीय याची!"

बाई ओशाळली. "सॉरी. आम्ही परत ठेवतो ना." ती वाकली, एक साल उचलून तिनं हळूच जमिनीवर ठेवली. पालथी.

"हात लावू नकोस!" डेल्फिना अशी ओरडली की बाई मागे सरली. "माझं बी करपवायला निघालीस?"

ती दोघं सायकली ढकलत निघून गेली. डेल्फिनानं पिशवी ओतली. अर्ध्या साली चेंगरल्या होत्या. ती खाली बसून एकेक सुलटी करू लागली, पायथ्याशी, मग वाटेवर, वाटेच्या पार त्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंना चोया निवडुंगाची काटेरी झुडपं. बाजूनं जायला जागाच नाही.

खालून घंटी वाजली. तीन सायकलवाले येऊन थांबले.

"आजी, वाट द्या ना!"

"पाऊस पडला की देते," ती मान वर न करता म्हणाली.

एक जण शिवी हासडून वळला, बाकीचे त्याच्यामागे गेले. ऊन चढलं. वर उकललेल्या फळांवर पारवे तुटून पडले होते आणि आमची काठी तशीच आडवी पडून होती. मी म्हटलं, "अगं, आजची फळं गेली."

"गेली तर गेली," ती माझ्यावरच कडाडली. "बघत काय बसलीस? ती तिकडची पालथी पडलीय."